डिकीतली पेटी

ऑक्टोबर सरत आला की मी पेटी उपसते.
नीवाच्या डिकीत, सुट्या चाकाला खेटून ती बसलेली.
कधीतरी हिच्यातून अल्माटीची सफरचंदं आली होती,
अजून झाकण उघडताना नाक उगाच आशेला लागतं.

आखूड दांड्याचं फावडं. दोर. अर्धी गोणी वाळू.
सासूबाईंच्या हातचा नमदा, एका कोपऱ्यात जळका.
मेणबत्त्या चार, त्या उभ्या करायला पत्र्याचा डबा,
काडेपेटी प्लास्टिकात, वरून रबर.
लाल फडकं, एरियलला बांधायला.
कुर्त, म्हणजे खारवलेल्या दह्याचे वाळके गोळे;
सासरे म्हणत, दात पडेल पण हा फुटणार नाही.
मांसाचे दोन डबे. चमचा एक.
आणि मेरुएर्तचे लोकरी मोजे, दर वर्षी एक माप मोठे.
आता ती शहरात शिकते, पाय वाढायचे थांबले,
तरी असतात.

तोलेगेन हसायचा.
"बाजाराला निघालोय की लढाईला?"
तीस वर्षं याच रस्त्यावर ट्रक हाकलेला माणूस,
बुरान त्याला जुन्या देणेकऱ्यासारखं,
येणार, दार वाजवणार, जाणार.
मी उत्तर देत नसे.
त्या वर्षी तर कशालाच देत नव्हते.
नोव्हेंबरात त्याने माझ्या आईची घोडी विकली होती
मुलीच्या फीसाठी, मला न विचारता.
हिवाळ्याच्या तोंडावर घोडी घेणारा
ती कशाला घेतो, हे आमच्याकडे लहान पोरही जाणतं.
त्या थंडीत मी कुणाच्याच घरचं मांस खाल्लं नाही.

जानेवारीत कारागंडाहून परतताना
आधी क्षितिज गेलं, मग रस्ता, मग बोनेट.
गाडी थांबली की आम्ही थांबवली, कळलं नाही.
तो काही न बोलता उतरला, पेटी आत ओढून घेतली.

दर तासाला दहा मिनिटं इंजिन.
त्याआधी उतरून धुराच्या नळीवरचं बर्फ काढायचं.
काच बोटभर उघडी.
आणि दोघांनी एकदम झोपायचं नाही.
हे सगळं मीच कागदावर लिहून झाकणाला चिकटवलेलं.
त्याने ते मोठ्याने वाचलं, शाळेतल्या पोरासारखं,
शेवटच्या ओळीशी अडखळला.
जागं राहायचं तर बोलावं लागणार होतं.

पहिली मेणबत्ती हवापाण्यावर गेली.
दुसरी मेरुएर्तच्या परीक्षांवर.
डबा उघडला. चमचा एकच.
तो एक घास घ्यायचा, बाहीला पुसून मला द्यायचा,
मी घ्यायचे, न पुसता परत द्यायचे.
घास घशाखाली उतरला तेव्हा लक्षात आलं
की तो घोड्याचा नव्हता, बैलाचा होता,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं:
"तिला कुणी कापलं?"

वारा गाडीला खांदा लावून ढकलत होता.
"कापलं?" तो म्हणाला.
"तेमिरताऊच्या पुढे एक म्हातारा आहे, दूध काढतो तिचं.
दोन हजार कमी घेतले, तिला कापायची नाही या अटीवर.
महिन्यातून एकदा बघून येतो.
डाव्या कानाशी अजून हात लावू देत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"
"तू विचारलंस कुठे?"

तिसरी मेणबत्ती आम्ही उगाच लावली.
त्याने मुलीचे मोजे हातात चढवले, हातमोज्यांसारखे,
आणि ते हात माझ्या काखेत खुपसले.
पहाटे बर्फ काढणारं यंत्र आलं,
त्यातल्या पोराला लाल फडकं दिसलं होतं.
नाव विचारायचं राहिलं. कुर्त तेवढे त्याच्या खिशात भरले.

या ऑक्टोबरात पेटी उपसली.
मेणबत्त्या सहा झालेल्या, मी आणल्या नव्हत्या.
फावड्याला नवा दांडा.
तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला
कोरा करकरीत दुसरा चमचा.

बराच वेळ हातात धरून बघितला.
मग स्वयंपाकघरात नेला
आणि इतर चमच्यांत मिसळून टाकला.