बर्फाच्या पावतीबुकातला कोश

हर्णैत मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांत
आमच्या कारखान्यातून एक लादी निघत नाही.
यंत्रं गप्प, अमोनियाचा वास तेवढा जागा,
आणि मागच्या खोलीत, पालथ्या घातलेल्या क्रेटांवर
आम्ही चौघं, उणेबंदरचे रहिवासी:
इम्तियाज होडेकर, दर्शना चोगले,
पोस्टातला हेरंब, आणि मी, कारकून.

फासे नव्हते. सात कवड्या होत्या.
चार उताण्या पडल्या की तलवार लागते;
सातही पालथ्या पडल्या तर राजा तुमचं नाव विसरतो
आणि उरलेला डाव तुम्ही नुसते "अहो" म्हणून खेळता.

उणेबंदरात मराठी चालत नसे. म्हणजे चालायची,
पण तिच्या खिशात वाळू भरलेली असायची.
शब्द कुणीतरी डावाच्या भरात बोलून जायचं,
मी तो गुलाबी पावतीच्या पाठीवर उतरवायचो.
पुढच्या बाजूला: लाद्या बारा, रोख.

तिरफळणे. खोटं बोलल्यावर जीभ बधिर होणे.
(पहारेकऱ्यांना चालतं. जादूगारांना शोभत नाही.)
अतांडेल. ज्याला होडी नाही, तरी ज्याचं सगळे ऐकतात तो.
उधाणी. भरतीपुरतं चालणारं नाणं,
ओहोटी लागली की मुठीत नुसती शिंपली.
दर्शनाने एकदा उधाण्या मोजून अख्खं जहाज घेतलं
आणि खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत बुडवलंही.
मागवारा. तोंडातून गेलेला शब्द परत आणणारा वारा.
प्रत्येकाला एकदाच. जपून.

हेरंबने आपला मागवारा "चहा नको" ह्यावर घालवला.

दोन वर्षांनी तो मी ऐकला बंदरावर, लिलावात.
सुरमईची पाटी, दोन हजार, बावीसशे,
जनाक्का पावसे पंचवीसशे बोलून बसली
आणि कल्ले उघडून बघितल्यावर ओरडली,
"मागवारा! मागवारा घेतंय मी!"
लिलाववाल्याने कपाळाला आठ्या घालून दिला.
"एकदाच हां," म्हणाला.
नियमही गेला होता शब्दाबरोबर.
कुणी नेला? दर्शना म्हणते, मी नाही.

गेल्या फाल्गुनात एक संशोधक बाई आल्या,
हातात रेकॉर्डर, पायात वाळूला न मानवणारे बूट.
शब्द किती जुना, विचारलं.
जनाक्का म्हणाली, माझ्या सासऱ्याच्या सासऱ्याचा.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.
संध्याकाळपर्यंत जिभेला मुंग्या.

इम्तियाज आता दोह्याला टगवर असतो.
शेवटच्या डावात आम्ही राजवाड्याच्या चोरदाराशी होतो,
मशाल विझत आलेली, आणि पाळी त्याची.
कवड्या न टाकताच तो म्हणाला, "हुळंब."
आम्ही तिघं का कोण जाणे गप्प झालो.
अर्थ? "पुढच्या डावात सांगतो."
पावती क्रमांक एकशे अठरा:
शब्द, पुढे दोन टिंबं, पुढे काही नाही.

परवा फोनवर विचारलं. तिकडे इंजिन चालू होतं.
"असं बोललो होतो मी? आयला.
तूच लिही कायतरी."

लिहायला बसलो.
दार उघडण्याआधीची भीती, असं लिहिलं. खोडलं.
निघायचं ठरलेलं असतं आणि सांगितलेलं नसतं, ते.
तेही खोडलं, जरा जास्त जोरात. कागद फाटला.

काल दर्शना बर्फाची बाकी द्यायला आली.
बंदी तोंडावर; बाहेर होड्या वर ओढत होते,
ताडपत्र्या पडत होत्या,
सुवर्णदुर्गाच्या तटावर उन्हाचा एक तुकडा राहिलेला.
"काय हुळंब आहे रे आज," ती म्हणाली.
"हो ना," मी म्हणालो.
ती सुटे मोजत राहिली. वीस रुपये कमी भरले.
मी पावती फाडली.