हिरव्याखाली वाळू

रोवेना क्रॅबट्रीने तो डबा लिलावात घेतला,
सहाशे दहा डॉलरला, न बघता.
खाली दोन चाकांचा ट्रेलर,
एक टायर फुटलेला, दुसरा फुटायच्या बेतात,
वर अ‍ॅल्युमिनियमची बिनखिडकीची खोली
आणि पावतीवर ठळक शिक्का :
जसं आहे तसं.

तीही तशीच होती म्हणा.
एकसष्ट वर्षांची, त्यातली अठ्ठावीस
शाळेच्या बसच्या स्टिअरिंगमागे,
पोरं मोजून चढवायची, मोजून उतरवायची.

मी शेजारी. माझं काम टॉर्च धरणं.
आणि नट निसटला की
बर्न्सच्या अर्धवट गोठलेल्या चिखलात
कुरकुरत्या गुडघ्यांवर बसून तो हुडकणं.

आधी रंग खरवडला.
हिरव्याखाली वाळूचा रंग निघाला,
वाळूखाली पुन्हा हिरवा,
त्याखाली आणखी एक, काळपट, शेवाळलेल्या दगडासारखा.
‘ह्यांचं ठरेचना,’ ती म्हणाली,
‘जंगलात लपायचं की वाळवंटात.’
मग बाहीने नाक पुसून :
‘पिवळा देऊ. आपल्याला कुठे लपायचंय?’

ट्रेलरला ओढायचं कडं होतं, मनगटाएवढं जाड,
तिच्या पिकअपच्या गोळ्यावर बसेना.
शेवटी कापलं.
ठिणग्या अशा उडाल्या की बिस्किट, तिचं कुत्रं,
दोन दिवस घरी फिरकलं नाही.
चोवीस व्होल्टच्या वायरी भिंतीतून ओढून काढल्या,
प्रत्येकीला नंबर होता,
कुठून कुठे जाते ते मात्र
कुणीही लिहून ठेवलं नव्हतं.

जिथे रेडिओ होता तिथे स्टोव्ह ठरला.
जिथे माणूस बसायचा तिथे पाण्याची टाकी.
त्याच्या टेबलाची फळी उपसली
तर मागे, पत्र्यावर, पेन्सिलच्या रेघा.
चार उभ्या, एक तिरकी. चार उभ्या, एक तिरकी.
शेवटच्या जुडीत तीनच.

तिने बोट ठेवत मोजल्या.
दोनशे अठरा.
मग दुसऱ्या टोकाकडून मोजल्या,
तेवढ्याच भरल्या.
‘उतरला असेल ना तो?’ तिने विचारलं,
बसच्या आरशात बघून विचारावं तसं.

मी म्हणालो, बदली झाली असेल. सुटी लागली असेल.
पेन्सिल संपली असेल.
‘पेन्सिल संपत नाही,’ ती म्हणाली, ‘हरवते.’

सगळ्या भिंतींना फोम लावला, वर प्लायवूड.
तेवढी वीतभर जागा सोडली.
आता थंडी नेमकी तिथूनच आत येते
आणि ती त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मे महिन्यात अल्वर्डच्या कोरड्या तळ्यावर नेला,
भेगाळलेल्या पांढऱ्या सपाटीवर
पिवळाधमक, कुणीतरी विसरून गेलेल्या ठोकळ्यासारखा.
ती आत, मी बाहेर तंबूत,
बिस्किट दोघांच्या मधे, कुणाचंच नसल्यागत.

रात्री दोनला वारा उठला
आणि डबा गुणगुणायला लागला.
अँटेनाची चार भोकं होती. तीन मी बुजवली होती.
एकच खालचा सूर, मधेच तुटणारा,
पलीकडे कुणी बोलायच्या आधी
घसा साफ करावा तसा.

‘बुजवू का?’ मी ओरडलो.
बऱ्याच वेळाने आतून आवाज आला :
‘थांब. ऐकतेय.’

सकाळी कॉफी घ्यायला आत डोकावलो.
टाकीच्या वर, त्या रेघांच्या शेजारी,
दोऱ्याने बांधलेली पेन्सिल लटकत होती
आणि खाली तिच्या बोजड अक्षरात :
गॅस. मीठ. मोठा पाना.
मग माझं नाव,
पुढे प्रश्नचिन्ह.