पाचांपेक्षा कमी

पत्र दोन भाषांत येतं. आधी वेल्श, खाली इंग्रजी.
नकार दोन्हींत सारखाच,
वेल्शमध्ये अर्धी ओळ जास्त.

मी विचारलं होतं एवढंच:
गेल्या एप्रिलपासून काउन्सिलने
किती मुलांची स्पीच थेरपी बंद केली,
आणि वाचलेले पौंड कुठल्या रकान्यात गेले.
आधी म्हणाले, आरोग्य मंडळाला विचारा.
मंडळ म्हणालं, काउन्सिलला.
मग वीस कामाचे दिवस, आणखी वीस,
आणि आज श्रीमती एलुनेड प्रॉसर यांची सही.

वाचताना मनात आपोआप मराठी होतं,
तेही कचेरीतलं:
सदर संख्या पाचांपेक्षा कमी असून
ती कळविल्यास संबंधित बालकांची ओळख पटण्याचा संभव आहे.
सबब माहिती नाकारण्यात येत आहे.

सबब.
अण्णा साताऱ्याला ट्रेझरीत हेडक्लार्क होते.
त्यांनी आयुष्यात किती सबब लिहिले असतील,
आणि ते कुणाकुणाच्या घरी उघडले गेले असतील,
मी कधी विचारलं नाही.

पाचामुखी परमेश्वर, म्हणतात आपल्यात.
चारच मुखं असली तर?
आणि त्यातलं एक अजून बोलतच नसलं तर?

ओळख पटण्याचा संभव.
बाई, मला पटते हो त्याची ओळख.
आत्ता वॉशिंग मशीनला गाल लावून बसलाय
स्पिन सुरू व्हायची वाट बघत.
वय सात. नाव निषाद.
नाव ठेवताना आम्हाला वाटलं होतं,
याचा सूर वरचा असेल.

दर मंगळवारी बेथन यायची.
पिशवीत आरसा, स्ट्रॉ, आणि एक पांढरं पीस.
पीस त्याच्या ओठांसमोर धरायची: प.
पीस हललं की झालं,
आवाज नंतर येतो, म्हणायची.

या गावाच्या नावातला पहिला आवाज
मला नऊ वर्षांत जमलेला नाही.
जीभ टाळूला, वारा गालाकडून.
मी लनेली म्हणते. लिहिते तेही चूकच.
बेथनला माझा ळ यायचा नाही,
बाळ म्हणायला जायची आणि बाल म्हणायची.
निषाद आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघून
खदखदून हसायचा.
तोंडाचं काम अवघड असतं
हे त्याला आमच्या आधीपासून ठाऊक.

बाराव्या मंगळवारी तो म्हणाला, पा.
पाणी, पाव, पाय, पाहिजे,
सगळ्याला मिळून एकच पा.
तेराव्या मंगळवारी बेथन आली नाही.
ईमेल आला: निधीचा फेरविचार.

मग मी मोजायला लागले.
शाळेच्या फाटकाशी कॅरिस: तिची मॅबली.
पोहण्याच्या तलावावर बोझेना: तिचा टिमेक,
घरी पोलिश बोलत नाही, शाळेत इंग्रजी बोलत नाही.
टिमेकच्या वर्गातली जुळी.
ती दोन धरायची की एक
यावर आम्ही बाकावर बसून थोडं भांडलोसुद्धा.
दोन धरली.
निषाद धरून पाच.
सहाव्याची आई म्हणाली, माझं नाव नको लिहूस,
मला घराचा अर्ज टाकायचाय.
तिचं नाव नाही लिहिलं.

सरकारदरबारी आम्ही अजून
पाचांपेक्षा कमीच आहोत.

फेरतपासणीचा अर्ज रात्री लिहीन.
आता आमटी उतू चाललीय,
मशीन थांबलंय,
आणि त्याने टेबलावरचं ते पत्र उचललंय.
फाडेल म्हणून हात पुढे केला,
तर त्याने ते दोन्ही हातांनी
ओठांसमोर धरलं, नीट, बोटभर अंतरावर,
आणि माझ्याकडे बघत:

प.

पत्र हललं.