मचूळ

आमच्या वाडीत पाण्याला तीन नावं आहेत :
गोडं, मचूळ,
आणि तिसरं शिवी.
हे तिसरं माझ्या प्लांटच्या मागून वाहतं.

निफाडकडून येताना कालवा ओलांडला
की डावीकडे चोपण लागतं,
कुणाचं पीठ सांडलंय आणि उचलायचं राहिलंय असं.
तिथं पंचायतीनं बोअर घेतला.
दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं, नारळ फुटला,
सरपंचांनी ओंजळ भरून तोंडाला लावली
आणि सगळ्यांसमोर थुंकता येईना
म्हणून गिळली.

त्या पाण्यात डाळ शिजत नाही. चहा फाटतो.
साबण अंगावरून तसाच घरंगळतो.
मग मशीन आलं, मशीनमागे मी,
मच्छिंद्र सांगळे, पाण्याचा एटीएमवाला,
पाच रुपयांत वीस लिटर.
हिशेब कुणी विचारत नाही, तरी सांगतो :
एक हंडा गोडं काढायचं
तर दीड हंडा आणखी खारट करून
मागे सोडावं लागतं.
अकरा वर्षं लोकांना पुढचं दिलं,
मागचं दाखवलं नाही.
मागे बाभूळसुद्धा वाळली.

एका दुपारी त्या खड्ड्याशी
तांबोळ्यांची तहसीन उकिडवी बसलेली,
हातात लोणच्याची रिकामी बरणी.
‘काका, हे हिरवं कधीपासून?’
‘घाण आहे ती. उद्या धुतो.’
‘धुतलंत तर बोलणार नाही तुमच्याशी.’

कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकावर
एक डोळा मिटून मी वाकलो.
एका थेंबात आठवडी बाजार.
प्रत्येकाला दोन मिशा, मिशांनीच पोहतात.
अंगावर साल नाही, भिंत नाही,
मिठात उघडे राहतात.
‘मग चिपत कसे नाहीत?’
ती म्हणाली, ‘बाहेर जेवढं खारट,
तेवढं आत गोड साठवतात.’

त्या रात्री झोप लागली नाही असं म्हणणार नाही.
लागली.
पण पहाटे उठून विटा मोजल्या.

द्राक्षांवरचा फाटका प्लास्टिक कागद
बागाईतदारांनी फुकट दिला.
दोन वाफे, पोटरीभर पाणी,
कूलरची मोटर, सायकलचं चाक, चाकाला पत्र्याची पाती,
युरिया चिमटीनं.
आणि वरून मीठ, गोणीनं मीठ.
द्वारका दारात उभी राहून हसली :
‘जन्मभर काढलंत, आता घालताय.’

एप्रिल सरता सरता पाणी तांबडं झालं.
विटेसारखं, मग पानाच्या पिकेसारखं.
कुणी म्हणालं सडलं. कुणी म्हणालं करणी.
एकजण काहीच न बोलता
आपला जार घेऊन दुसऱ्या गावाला गेला.
तहसीनचा पेपर होता नाशकात, फोन बंद.
मी बोळा काढला.

चार वाजता निरोप आला :
‘सोडू नका. ऊन लागलं, उपासमार झाली
की ते असं तांबडं पडतात.
याचसाठी तर सगळं केलं होतं.’

तोवर एक वाफा
चोपणात जिरून गेला होता.
तिथली माती अजून केशरी दिसते,
मी तिकडून जाताना दुसरीकडे बघतो.

उरलेल्या वाफ्याचं
मलमलीतून गाळून, मनुक्यांच्या जाळीवर वाळवून
सहाशे चाळीस ग्रॅम भरलं.
वास थोडा मासळीचा, थोडा ओल्या कडब्याचा.
खाद्याच्या कंपनीवाला म्हणाला,
‘क्विंटलात बोला, साहेब.’
मला पहिल्यांदाच कुणी साहेब म्हटलं
आणि फोन ठेवला.

मग आमच्याच कोंबड्यांना घातलं, चिमूट चिमूट,
कण्यांत कालवून.

तेराव्या दिवशी द्वारकानं तव्यावर अंडं फोडलं
आणि मला हाक मारली.
बलक झेंडूचा होता.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो,
कडा करपायला लागल्या.
सवयीनं तिनं मिठाला हात घातला,
माझ्याकडे पाहिलं, थांबली.

घाल, म्हटलं.
घाल ना.