शिक्क्याखाली

फोटो एकच होता. बोर्डाच्या हॉल तिकिटावरचा,
तोही अर्धा: डाव्या खिशावर जांभळा गोल शिक्का,
त्यातलं ‘मुंबई’ तेवढं वाचता येणारं.
उल्हास त्यात दचकलेला. माझगावच्या स्टुडिओतल्या बल्बांनी
डोळ्यांत दोन पांढरे ठिपके ठेवले
आणि त्या ठिपक्यांच्या पलीकडे कोणी गेलंच नाही.

चारी पेंटर डॉकयार्ड रोडच्या उतारावर बसायचे.
देव, दुकानांच्या पाट्या आणि गेलेली माणसं,
तिन्हींचा दर वेगळा.
फोटो भिंगाखाली धरून म्हणाले,
“शिक्क्याच्या खाली काय आहे?”

कॅमेऱ्यानं असं काही विचारलं नव्हतं.
आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो.
शर्ट? फोटोत राखाडी. खरा कुठला?
बाबा म्हणाले, आकाशी. काकू म्हणाली, पिस्ता,
मीच तर शिवायला टाकलेला, मंगलदास मार्केटातलं कापड.
आई म्हणाली, खिशाला पेन. हिरव्या टोपणाचं.
पेनाशिवाय तो संडासाच्या रांगेतसुद्धा उभा राहायचा नाही.
आणि हसली. अकरा महिन्यांनी.

बावीस दिवस लागले. मध्येच निरोप यायचा:
कानाची पाळी सुटी की चिकटलेली?
मग आई पोळी लाटता लाटता थांबून
पिठाच्या हातानं माझी पाळी चाचपायची.

चित्र आलं. नाक जरा चारींच्याच घरातलं,
डावी भुवई जाड. तरी आई म्हणाली, हाच.
गळ्यापाशी ब्रशाचा एक केस रंगात चिकटून राहिलाय.
तो आम्ही कोणी काढला नाही.

आता उल्हास आठवतो तो पिस्ता शर्टात.
धक्क्यावर पाय सोडून बसलेला, माझ्यावर ओरडणारा,
अगदी तापात पडलेलासुद्धा,
सगळीकडे पिस्ता, सगळीकडे भुवई जाड.
फोटो मी क्वचित काढते, रेशनकार्डाच्या प्लास्टिकमधून.
तो ओळख देत नाही. परीक्षेला
पुढच्या बाकावर आलेल्या मुलासारखा बघतो.

पण शिक्क्याखाली काय आहे, मला ठाऊक आहे.
त्या सकाळी पेन माझ्या दप्तरात होतं.
तो शोधत होता, गादीखाली, आईच्या शिवणाच्या डब्यात,
उशीर झाला, तसाच गेला.
तेव्हा बोलले नाही. चारींनी विचारलं, तेव्हाही नाही.

सोळा रुपये जास्त घेऊन त्यांनी
पेनाच्या क्लिपवर चकाकीचा एक ठिपका दिला.
रात्री दिवा मालवला की सगळं चित्र विझतं,
तो ठिपका जरा उशिरा.