थंकच्चनचा अंगठा

मिरकरवाड्यात मासेमारी बंद झाली
की होड्या झापांखाली जात,
आणि कोल्लमचा थंकच्चन, इंजिनवाला,
माझ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर
जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजूला लिहीत बसायचा.

मला वाटायचं, हिशोब. नाहीतर घरी पत्र.
गोल गोल अक्षरं,
तिसऱ्यांच्या शिंपल्या उन्हात ओतल्यासारखी.
मला त्यातली एकही उघडता आली नाही.

नारळीपौर्णिमा झाली की बर्फाच्या ट्रकमधून गठ्ठा यायचा.
चाळीस पानी. स्टेपलला गंज.
कव्हरवर एक बाई,
जिचा आतल्या गोष्टीशी काही संबंध नव्हता
(हे त्यानंच सांगितलं).
लेखिका, सौदामिनी.
कोण रे ही?
"मी," म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला
हा बेचाळीस वर्षांचा माणूस,
शिवी दिल्याशिवाय ज्याचा पाना फिरत नाही.

त्यांच्यात म्हणतात, कोच्चुपुस्तकम्.
कोच्चु म्हणजे लहान.
आपण पिवळं म्हणतो, रंग बघतो.
ते माप बघतात,
लुंगीच्या घडीत राहतं की नाही.

एक पुस्तक चौदा बोटी फिरायचं.
परत यायचं ते डिझेल लागून, खवले चिकटून,
पान बावीसचा कोपरा दुमडून.
एकदा तर समासात पेन्सिलनं, चक्क मराठीत,
"पुढे काय?"
कुणीतरी कुणाला तरी वाचून दाखवलं होतं,
आणि मधेच जाळं ओढायची हाक आली असणार.

मग तिकडचा छापखाना लग्नपत्रिकांवर गेला,
मग फ्लेक्सवर,
मग गेलाच.
खलाशी पोरं आता एकेकटी बसतात,
चादरीत उजेड घेऊन.
सौदामिनीच्या गोष्टी कुणी फोटो काढून फिरवल्या,
नाव भलतंच.
पान बावीसचा कोपरा मात्र दुमडलेला.
त्यानं मला फोन दाखवला, बोटानं डाग मोठा केला.
रागावला नव्हता.
"बघ," म्हणाला, "आपलं डिझेल."

लिहायचं त्याला अजून आहे.
पण उजवा अंगठा विंचनं अर्धा नेला,
उरलेला काचेला ओळखू येत नाही.
भाचा म्हणाला, मामा, तुम्ही नुसतं बोला, तो लिहितो.

बोला!
तीस वर्षं जे शाईलाही कानात सांगितलं
ते मोठ्यानं?

म्हणून रात्री अकराला, धक्क्याच्या टोकाला,
तपासायचंय म्हणून तो 'गुलशन-ए-मदिना'चं इंजिन चालू करतो
आणि त्या धडधडीत फोनला तोंड लावून सांगतो
एका बाईची गोष्ट,
जी पॅसेंजरमधून चुकीच्या स्टेशनवर उतरते.
फोन निम्मं ऐकतो.
ती दिवा मालवते
तिथं उमटतं टक टक टक टक टक, ओळभर.
तो खोडत नाही.
वाचणाऱ्याला कळेल, म्हणतो.

मी फळ्या लावता लावता ऐकतो.
भाषा अजून येत नाही.
कधी इंजिन मधेच बंद पडतं,
एक शब्द उघडा पडतो पाण्यावर,
आणि थंकच्चन
घाईनं खोकतो.