निरंक

मंगळवारी दुपारी दोन ते चार, एम.टेक. पहिलं वर्ष,
खोली क्रमांक तीनशे चार.
पंखा लावला की प्रोजेक्टरचा पडदा हलतो
आणि पडद्यावरची माझी बारा मजली इमारत
किंचित डुलते.
मुलं हसतात. मीही. तेरा वर्षं झाली या विनोदाला.

शिकवतो काय, तर काळ मांडायला.
पाया, खांब, तुळई, स्लॅब, परत खांब.
कोणतं काम कोणासाठी अडून बसतं,
कोणाला चार दिवसांची उसंत
आणि कोणाला तासाचीही नाही.
जिला उसंतच नाही ती वाट क्रिटिकल,
ती लाल खडूनं काढायची.

धायरीतला माझा फ्लॅट चार वर्षं उशिरा मिळाला.
हे मी वर्गात सांगत नाही.
तरी दर बॅचमध्ये कोणीतरी शोधून काढतंच.

त्या दिवशी फळ्यावर तक्ता भरत होतो.
काम: क्युअरिंग. कालावधी: दहा दिवस.
रिसोर्सच्या रकान्यात सवयीनं लिहिलं, निरंक.
म्हणालो, काँक्रीट आपलं आपण घट्ट होतं,
आपण फक्त वाट बघायची.
हे वाक्य मला आवडतं. इथे मी जरा थांबतो.

त्या थांबण्यात
शेवटून दुसऱ्या बाकावरून शिवकांता जमादार म्हणाली,
"सर, पाणी कोण मारतं?"

तिच्या आवाजात प्रश्न नव्हता.
उंड्रीची साइट, चार विंगा, तिची आई.
टँकर पहाटे पाचला.
खांबांना गुंडाळलेली गोणपाटं दिवसातून तीनदा ओली,
स्लॅबवर मातीची आळी घालून आत चार बोटं पाणी,
आटू द्यायचं नाही. रविवारीही नाही.
"आई म्हणायची, स्लॅबला रविवार नसतो.
आळ्यातल्या पाण्यात मी कागदाच्या होड्या सोडायचे.
सातव्या मजल्यावर."

कोणी हसलं नाही. पडदा हलत होता.

मी काय, माहीत नसलेला माणूस थोडाच होतो?
सहा वर्षं नऱ्ह्याच्या साइटवर काढली.
खालून मान वर करून ओरडायचो,
ए बाई, पश्चिमेचा कोपरा कोरडा दिसतोय!
कोपरा ओला व्हायचा.
डिझेलचा हिशोब लिटरपर्यंत ठेवला,
तिचं नाव मस्टरवर कसं लिहिलेलं असायचं
ते आठवत नाही.

मीही तासिका तत्त्वावरच.
पेपर तपासणं, फायली भरणं, मे महिना:
माझ्याही तक्त्यात असे रकाने आहेत.
हे मनात आलं आणि आलं तसंच मोडून टाकलं.
मला खुर्ची आहे. डोक्यावर पंखा आहे.
कुरकुरतो, पण आहे.

निरंक पुसलं.
फळ्यावर त्या जागी पांढुरका डाग राहिला.
त्यावर लिहिलं: हेल्पर, स्त्री, एक.

"एक नाही पुरत, सर," शिवकांता म्हणाली,
"उन्हाळ्यात दोन लागतात. दक्षिणेची बाजू लवकर सुकते."

दोन लिहिलं.
खालची बेरीज बदलली.
सगळ्यांनी वहीतला आकडा खोडून नवा घातला,
कुणाल बोथरा तेवढा पुटपुटला, कॉस्ट वाढली.
वाढली, म्हणालो. आधीही तेवढीच होती.

संध्याकाळी नवले पुलाखाली सिग्नलला थांबलो
तर हेल्मेटच्या काचेवर वरून एक थेंब पडला.
आभाळ कोरडं होतं.
मागचे हॉर्न वाजवायला लागले, मला वर बघता आलं नाही.

या सत्राच्या पेपरात आठ गुणांचा प्रश्न घातला:
बारा मजल्यांच्या क्युअरिंगसाठी मनुष्यबळ काढा.
ऋतू गृहीत धरा.
बैठकीत विभागप्रमुख चष्मा वर करून म्हणाले,
हे सिलॅबसमध्ये कुठे आहे?

दुसऱ्या युनिटमध्ये, मी म्हणालो.

नव्हतं.